धोसा ऊलाइट: एकाच थरात वेगवेगळ्या वयांचे अमोनाइट, नोंद आणि गोळा करण्याची पद्धत

गाळकाळ (धागाकर्ता)

कच्छच्या जुरासिक काळातल्या खडकांबद्दल विचारलं की बहुतेकांना तयार चित्र हवं असतं: हा थर, हे वय, हे अमोनाइट (गुंडाळलेल्या कवचाचे, नामशेष झालेले सागरी प्राणी). धोसा ऊलाइट या बारीक गोल दाण्यांच्या खडकथरापाशी हे चित्र फसतं. म्हणून स्वतंत्र धागा.

जागा आधी. कच्छच्या मुख्य भूमीवर जारा, जुमारा, झुरा, हबो असे घुमट (थर वर फुगून वाकल्याने झालेले उंचवटे) पश्चिमेकडून पूर्वेकडे ओळीने आहेत. भुजच्या आग्नेयेला लेरजवळही याच क्रमाचे थर उघडे पडले आहेत. घुमटाच्या पोटात सर्वांत जुने थर आणि बाहेर जाल तसे नवे. धोसा ऊलाइट हा छारी शैलसमूहाचा (एकावर एक असलेल्या थरांच्या एका गटाचा) माथा. खालची शेल (चिखलाचा पापुद्री खडक) मऊ, ती झिजून खोलगट होते. ऊलाइट टणक, तो कंगोऱ्यासारखा उभा राहतो. त्यामुळे घुमटाभोवती तांबूस-तपकिरी कडं दिसतं, आत तुटका कडा आणि बाहेर थराच्या कलानुसार उतरता पृष्ठभाग. शंभर किलोमीटरहून जास्त अंतरावर हा थर ओळखता येतो, म्हणून खूणथर म्हणून त्याची किंमत मोठी.

वय ऑक्सफर्डियन, म्हणजे जुरासिकच्या उत्तरार्धातला एक कालखंड. ऑक्सफर्डियन सुमारे १६.१५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालं आणि १५.४८ कोटींच्या आसपास संपलं, म्हणजे जवळपास ६७ लाख वर्षं. एवढ्या काळाच्या मानाने धोसाची जाडी फारच कमी, काही मीटर. सर्वांत वरचा पिंडाश्मी (गोट्यांनी भरलेला) थर तर बहुतेक जागी मीटरभरही नाही. त्यातच ऑक्सफर्डियनच्या आरंभीचे आणि मध्यकाळातले अमोनाइट शेजारी शेजारी पडलेले असतात, आणि त्याच्या वरच्या शेलमध्ये थेट किमेरिजियन (ऑक्सफर्डियननंतरचा कालखंड) सुरू होतं. मधला मोठा काळ गाळाच्या रूपात शिल्लकच नाही.

म्हणजे "धोसा ऊलाइटमध्ये मिळाला" एवढ्या वाक्याने अमोनाइटचं वय ठरत नाही. थरात कुठे मिळाला, आणि तो मेला तिथेच गाडला गेला की आधी गाडला जाऊन उकरला गेला व पुन्हा गाडला गेला, हे दोन्ही लिहिलं तरच नमुन्याचा उपयोग. धाग्यात हेच बोलूया. अनुभवकथन नको, पद्धत हवी.

---

वालुकण

चांगला विषय. नावांचा गुंता आधी सोडवा, नाहीतर पुढचे प्रतिसाद एकमेकांशी जुळणार नाहीत. काही लेखांत छारी शैलसमूह, काहींत जुमारा शैलसमूह. एकच का?

---

गाळकाळ

पूर्ण एक नाही, पण धोसाच्या बाबतीत फरक पडत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या स्टोलिच्का यांनी १८७१–७२ च्या हिवाळ्यात कच्छमध्ये काम केलं. त्यांची आणि सर्वेक्षणातल्याच वागेन यांची जुनी मांडणी पच्छम, छारी, कतरोल, उमिया अशी. भूवैज्ञानिक बिस्वास यांनी १९७७ मध्ये खडकाच्या प्रकारावर आधारलेली मांडणी दिली: झुरियो, जुमारा, झुरण, भुज. धोसा ऊलाइट जुन्यात छारीचा माथा, नव्यात जुमाराचा माथा.

सीमा मात्र तंतोतंत जुळत नाहीत. उमियाच्या खालच्या सागरी भागातले ट्रायगोनिया या शिंपल्याचे थर नव्या मांडणीत बरेचसे झुरणकडे जातात, आणि भुज शैलसमूह मुख्यतः नदी व किनाऱ्याचा उरतो. त्यातही पश्चिमेला उक्राचे सागरी थर आहेतच. लेबलवर कुठली मांडणी वापरली ते लिहा. दोन्ही लिहिली तर उत्तम.

जुन्या लेखांत छारीचे आतले भाग अमोनाइटवरून पाडलेले दिसतील: खालून वर मॅक्रोसेफॅलस थर, रेहमानी थर, अँसेप्स थर, अॅथलेटा थर आणि मग धोसा. धोसाच्या खालचे हे सगळे कॅलोव्हियन, म्हणजे साधारण १६.५३ ते १६.१५ कोटी वर्षांपूर्वीचे. सोनेरी ऊलाइट हा त्याच कॅलोव्हियनच्या खालच्या भागातला वेगळा प्रकार आहे. कीरा टेकडीचा तो प्रसिद्ध. त्याच्या दाण्यांवर लोहाचं पातळ कवच असतं, त्यामुळे चमक येते. नवखे लोक दोन्ही ऊलाइटांची अदलाबदल करतात, आणि तसं झालं की वयात सरळ काही दशलक्ष वर्षांची चूक होते.

---

ताशीव

जाडी मोजण्याबद्दल, कारण बहुतेक नोंदी इथेच बिघडतात. घुमटांच्या दक्षिण बाजूला कल (थराचा तिरकेपणा) मंद असतो, बऱ्याच जागी ५ ते १० अंश. उत्तरेला कच्छ मुख्य भूमी भ्रंशाच्या बाजूला कल एकदम वाढतो. मंद कलावर छोटी चूक मोठी होते. सपाट जमिनीवर थराच्या आडव्या रेषेला लंब ४० मीटर चाललात, कल ५ अंश असेल तर खरी जाडी ४० × ज्या (साइन) ५°, म्हणजे सुमारे ३.५ मीटर. कल चुकून ७ वाचलात तर ४.९ मीटर. दोनच अंशांनी जाडी ४०% जास्त. जमीन उतरती असेल तर जमिनीचा उतारही मिळवायचा किंवा वजा करायचा: कल जमिनीच्या उताराच्या विरुद्ध असेल तर बेरीज, एकाच दिशेला असेल तर वजाबाकी.

म्हणून पातळ थरांसाठी पावलांवर विसंबू नका. दीड मीटरची काठी घ्या, तिला कलमापक बांधा, काठी कलाइतकी झुकवून थराला लंब धरा आणि काठीच्या टोकातून नजर लावून पुढची जागा ठरवा. पिंडाश्मी थर सरळ टेपने मोजायचा, प्रत्येक १० सें.मी.ला खूण.

होकायंत्राबद्दल एक गोष्ट. घुमटांमध्ये दख्खनच्या ज्वालामुखी काळातल्या भित्ती (भेगांत थिजलेल्या लाव्हारसाच्या उभ्या भिंती) आणि घुसलेले काळे खडक आहेत. त्यांच्याजवळ सुई भरकटते. हातोडा कमरेला असतानाही वाचन घेऊ नका. त्याच भित्तींमुळे शेजारची शेल भाजून कडक झालेली असते आणि कवचांचा कॅल्साइट पुन्हा स्फटिक झालेला असतो. तिथला नमुना समस्थानिक तपासणीला चालत नाही.

---

शंखिनी

अमोनाइटवर येऊ. धोसामध्ये डोळ्यांत भरणारा प्रकार मायाइट्स: फुगीर, जवळजवळ चेंडूसारखा, मधली नाभी (गुंडाळीच्या मधला खळगा) लहान, पाठीवरून न तुटता जाणाऱ्या बरगड्या, मोठ्या वेढ्यावर त्या पुसट होत जातात. अडचण अशी की कॅलोव्हियनमधला मॅक्रोसेफॅलाइट्सही असाच दिसतो. एकोणिसाव्या शतकात सॉवर्बींनी या अमोनाइटला 'अमोनाइट्स माया' म्हटलं, वागेन यांनी दुसऱ्या प्रजातीत टाकलं. अमोनाइटचे अभ्यासक स्पाथ यांनी १९२० च्या दशकात मायाइट्स वेगळा काढला. फरक मुख्यतः सिवनरेषेत (आतल्या कप्प्यांचे पडदे कवचाला जुळतात ती नागमोडी रेषा) आणि वेढ्याच्या वाढीत आहे. कडेला सुटा पडलेला, झिजलेला नमुना हातात आला तर बाह्यरूपावरून ठामपणे सांगणं धाडसाचं. थराची नोंद असेल तर काम सोपं होतं. नसेल तर नाव "मायाइट्स?" असं प्रश्नचिन्हासकट लिहिण्यात कमीपणा नाही.

बाकीच्यांत गोंधळ कमी होतो. पेरिस्फिंक्टेस उघड्या गुंडाळीचा असतो. आतले वेढे सगळे दिसतात आणि बरगड्या वरच्या बाजूला दोन-दोन फाटे घेतात. रेनेकिया कॅलोव्हियनमध्ये सापडतो. पाठीच्या मध्यावर पन्हळ, तिथे बरगड्या तुटतात, बाजूला गाठी. पेल्टोसेरासच्या बाहेरच्या वेढ्याचा छेद चौकोनी आणि गाठींच्या दोन ओळी. अमोनाइट सोडून त्यांचे नातलग नॉटिलॉइड आणि प्ल्यूरोटोमॅरिया गटातले मोठे शंखही धोसात भेटतात. हौशी लोक शंख उचलत नाहीत. ही चूक आहे, कारण थराच्या काळातली परिस्थिती समजायला ते अमोनाइटइतकेच उपयोगी.

मोजमाप चार: व्यास, वेढ्याची उंची, वेढ्याची रुंदी, नाभीचा व्यास. चारही एकाच जागी मोजायची आणि तिथला व्यास लिहायचा. वाढीबरोबर प्रमाणं बदलतात, त्यामुळे ६० मि.मी. आणि १४० मि.मी. व्यासांवरचं नाभी-प्रमाण तुलनेला बसत नाही. बरगड्या अर्ध्या वेढ्यावर मोजायच्या, पूर्ण वेढा बहुतेक वेळा शाबूत नसतो. शेवटचे पडदे एकमेकांच्या जवळ आले असतील तर प्राणी प्रौढ होता. हे पाहिल्याशिवाय "लहान जात" म्हणू नका. लहान नर आणि मोठी मादी ही जोडी अमोनाइटमध्ये सर्रास असते आणि छोट्याच्या तोंडापाशी बाजूला जिभेसारखे लांब पट्टे दिसतात, अर्थात तोंड शाबूत असेल तरच.

---

बेलेम्नाइट१२

ऊलाइट म्हटलं की उथळ, खळबळणारं पाणी, असं पुस्तकात असतं. मग धोसा किनाऱ्याजवळचा का मानत नाहीत?

---

गाळकाळ

कारण दाण्यांखेरीज किनाऱ्याचं दुसरं काहीच नाही. धोसाच्या दाण्यांभोवती बारीक चिखलाचा सारा (दाण्यांमधली भर) आहे, दाणे एकमेकांना टेकतही नाहीत, जाळीदार तिरपे थर दिसत नाहीत आणि सगळा गाळ प्राण्यांनी उकरून घुसळलेला आहे. जिथे दाणे लोळत लोळत घडतात तिथे चिखल टिकत नाही. दाणेही चुन्याचे नसून लोहयुक्त आहेत, आधी लोहाच्या मातीखनिजाचे, मग ऑक्सिडीकरणाने गोथाइट (गंजासारखं लोहखनिज) झालेले. ते दाणे इथेच वाढले की उथळ जागेतून वादळांनी आणले, यावर संशोधकांत एकमत नाही. माझं मत दुसऱ्या बाजूकडे झुकतं: दाण्यांचा आकार जागोजाग असमान, बरेच तुटके, आणि चिखलात इतस्ततः विखुरलेले.

चाकूने तपासून पाहा. दाणा आणि सारा यांच्या कडकपणातला फरक हाताला जाणवतो. पातळ काच म्हणजे ३० मायक्रॉनची चकती केली की दाण्याचे थर आणि मधला कण, बहुधा कवचाचा तुकडा, दिसतात.

---

वालुकण

पुन्हा गाडला गेलेला अमोनाइट ओळखायचा कसा, हे कुणीतरी सविस्तर लिहा. धाग्याचा मूळ प्रश्न तोच आहे.

---

शंखिनी

सात-आठ खुणा एकत्र पाहाव्या लागतात. एकावर निकाल देऊ नये.

पहिली: आतला भरणा बाहेरच्या खडकाशी जुळतो का? अमोनाइटचं कवच अॅरागोनाइटचं (कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळणारं चुन्याचं खनिज) असल्याने इथे ते सहसा विरघळून गेलेलं असतं, हातात येतो तो आतला साचा. साच्यात दाणे नाहीत, भरणा राखाडी आणि बारीक, पण भोवतालचा खडक दाणेदार तपकिरी असेल तर हा साचा दुसरीकडे घडला, कडक झाला आणि मग इथे आला. उलटही असतं.

दुसरी: कापलेपणा. कवच मुळात जिथे गाडलं जातं तिथे वेढा गोल राहतो. उकरला गेलेला साचा घासून एका बाजूला सपाट होतो. त्या सपाट भागावर सिवनरेषा अचानक तुटलेल्या दिसतात. नीट पाहा, कारण हातोड्याने तुटलेला आणि काळाने झिजलेला कापलेपणा वेगळा असतो: जुन्या कापाच्या कडा गोलसर, त्यावर लोहाचा लेप. ताजा काप धारदार आणि आतला रंग फिका.

तिसरी: चिकटलेले जीव. नळीवाले किडे, शिंपले, मॉसप्राणी. हे साच्याच्या पृष्ठभागावर असतील, म्हणजे कवच गेल्यानंतर, तर तो साचा समुद्रतळावर उघडा पडला होता हे सिद्ध झालं. दोन्ही बाजूंना असतील तर तो उलटलाही होता. फक्त कवचाच्या बाहेरच्या बाजूला असतील तर ते प्राणी जिवंत असतानाच किंवा मेल्यावर कवच तळावर पडताच चिकटले असू शकतात, पुन्हा उकरलं जाण्याचा पुरावा नाही. ही गफलत खूप होते.

चौथी: भोकं. शिंपल्यांनी केलेली भोकं सुरईच्या आकाराची असतात, तोंड अरुंद, आत फुगीर. ती कडक पदार्थातच पडतात. साच्यावर अशी भोकं म्हणजे तो तेव्हाच कडक झाला होता. भोकात कोणता गाळ भरला आहे तेही पाहा.

पाचवी: आतल्या गाळाची पातळी. रिकाम्या कप्प्यांत गाळ तळाशी बसतो, वर पोकळीत पांढरा कॅल्साइट भरतो. ही सपाट सीमा थराच्या "वर" दिशेशी जुळते का? जुळत नसेल तर अमोनाइट भरल्यानंतर उलटला-पालटला. हे तपासायचं तर नमुना काढण्याआधी त्यावर बाण काढून वरची बाजू खूण करावी लागते. बाण नाही म्हणजे हा सगळा पुरावा गेला.

यांखेरीज लोहाचा जाड लेप, साच्याच्या तुटक्या फोडी (पूर्ण वेढा नसून पाव वेढ्याचा कडक तुकडा), आणि एकाच फुटात वेगवेगळ्या काळविभागांच्या जाती. शेवटची खूण मी जाणूनबुजून तळाशी ठेवली. जातींवरून पुनर्निक्षेपण (उकरून पुन्हा गाडलं जाणं) सिद्ध करून मग त्याच पुनर्निक्षेपणावरून जातींचं वय ठरवणं म्हणजे गोल गोल फिरणं.

---

बेलेम्नाइट१२

बेलेम्नाइटवर (माखलीच्या कुळातला नामशेष प्राणी) ही कसोटी चालत नाही असं वाटतं. त्याचा सुळा कॅल्साइटचा, भरीव, आतला साचा होतच नाही.

---

शंखिनी

बरोबर. तिथे झीज, भोकं आणि चिकटलेले जीव एवढंच हाताशी राहतं. टोक बोथट आणि खाचा पुसलेल्या असतील तर संशय घ्या. उलट फायदा असा की बेलेम्नाइट, शिंपल्यांपैकी ऑयस्टर आणि ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखे दिसणारे वेगळ्या गटातले प्राणी) यांचं मूळ कॅल्साइट टिकलेलं असतं, म्हणून ऑक्सिजन समस्थानिकांवरून पाण्याचं तापमान काढायला तेच वापरतात. आधी कॅथोड-किरणांच्या माऱ्याखाली पाहायचं: नारिंगी चमकणारा भाग बदललेला, तो ड्रिलमधून वगळायचा. लोह-मँगनीज जास्त असेल तर तोही नमुना बाद. धोसासारख्या लोहयुक्त थरात हे जास्तच काटेकोरपणे.

---

ताशीव

गोळा करण्याची पद्धत मग अशी ठेवावी.

थराला आधी खालून वर क्रमांक, मग तुकडे. पिंडाश्मी थर एकच क्रमांक नको: तळ, मधला, माथा असे किमान तीन. माथ्यावर जो लोहाचा कडक पापुद्रा असतो त्याला स्वतंत्र क्रमांक. नमुना क्रमांकात स्थळ, थर, नमुना हे तिन्ही यावेत, उदा. जु-७ब-१२. जागेवर मिळालेला आणि सुटा पडलेला हे दोन गट वेगळ्या पिशव्यांत. सुट्या नमुन्यांना थराचा क्रमांक देऊच नये, "थर ७ च्या उतारावर" असं लिहावं. माथ्याचा कडक थर उताराला लागून असल्याने वरचे अमोनाइट घरंगळून खालच्या शेलवर येतात. तिथून उचलून "अॅथलेटा थरात मायाइट्स" असं लिहिलेल्या नोंदी अशाच तयार होतात.

हातोडा एक किलोचा, छिन्नी दोन, एक रुंद एक टोकदार. कडक ऊलाइटमध्ये छिन्नी नमुन्यापासून किमान हाताच्या रुंदीवर ठेवून खडकाचा मोठा ठोकळा सोडवायचा. नमुना तिथेच मोकळा करण्याचा मोह टाळा. चष्मा घालायचाच, लोहयुक्त खडकाच्या ठिणग्या आणि कपच्या डोळ्याच्या उंचीवर येतात. ठोकळ्यावर बाण आणि थराचा क्रमांक, मग वर्तमानपत्रात दोनदा गुंडाळून पिशवी. कागद आत, लेबल कागदाच्या आत आणि पिशवीच्या बाहेर दोन्हीकडे. नुसतं बाहेरचं लेबल घासून जातं.

फुटला तर तुकडे जागेवर जोडू नका. धूळ आणि ओल अडकते.

---

कोषकीटक

जोडायला आणि भक्कम करायला काय? सरसकट सगळे झटपट चिकटणारा डिंक वापरतात.

---

ताशीव

तो उलटवता येत नाही, पिवळा पडतो, आणि सांध्यावर सांडला तर सिवनरेषा झाकून टाकतो. पॅरालॉइड बी-७२ (अॅक्रिलिक राळ) अॅसिटोनमध्ये विरघळवून घ्या. मुरवण्यासाठी ५% च्या आसपास, जोडण्यासाठी घट्ट, जवळपास निम्मं-निम्मं. चुकलं तर अॅसिटोनने सुटतं. दमट हवेत लावलं तर पांढरट धुकं चढतं. अॅसिटोन उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि ओल धरते. सुक्या दिवसापर्यंत थांबा, किंवा पांढरं आलंच तर अॅसिटोनचा ब्रश फिरवा. क्रमांक टाकायचा तर आधी पॅरालॉइडचा छोटा पट्टा, त्यावर शाईने क्रमांक, वर पुन्हा पट्टा.

छायाचित्रासाठी अमोनियम क्लोराइडचा पांढरा पातळ लेप देतात, प्रकाश वरून डावीकडून. बरगड्या लगेच उठून दिसतात. वाफ धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करायची, आणि काम झालं की लेप धुऊन नमुना सुकवायचा. ओल धरणारा मीठ-लेप कॅल्साइटवर राहिला तर पृष्ठभाग खराब करतो.

---

कोषकीटक

अॅसिड?

---

शंखिनी

हायड्रोक्लोरिक अजिबात नको, कॅल्साइट कवच आणि सारा एकाच वेळी खातं. अॅसिटिकही फक्त फॉस्फेटी गोष्टींसाठी: माशांचे दात, खवले, हाडं. प्रचलित मिश्रण असं: ७% अॅसिटिक, ६३% पाणी, ३०% आधीच्या फेरीतलं गाळून घेतलेलं द्रावण. ते आधीचं द्रावण आम्लता रोखतं. सामू ३.६ च्या खाली गेला तर फॉस्फेटही विरघळायला लागतं. पहिल्याच फेरीला जुनं द्रावण नसतं, तेव्हा आधी निरुपयोगी चुनखडक घालून ते तयार करून घ्यावं. धोसामध्ये लोहाचे दाणे अॅसिटिकमध्ये जात नाहीत, म्हणून तळाशी दाण्यांचा ढीग राहतो. त्यात दात निवडण्याला भिंगाखालचा संयम लागतो. काम झाल्यावर साध्या पाण्यात आम्लात ठेवलं त्याच्या किमान तिप्पट वेळ ठेवा, मधूनमधून पाणी बदला.

---

कोषकीटक

शेलबद्दल मीच लिहितो, तेवढं येतं. धोसाच्या खालच्या शेलमध्ये जिप्समचे चकचकीत पापुद्रे खूप असतात आणि तिथेच फोरॅमिनिफेरा (कवचवाले एकपेशी सूक्ष्मजीव) शोधणाऱ्यांची फसगत होते. शेलमध्ये पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असतं. उघडं पडलं की ते ऑक्सिडाइज होऊन सल्फ्युरिक अॅसिड तयार होतं, ते कवचांचा कॅल्साइट खातं आणि त्यातून जिप्सम घडतं. पृष्ठभागाच्या शेलमध्ये जिप्सम भरपूर म्हणजे कवचं गेलेली. "या शेलमध्ये सूक्ष्मजीव नाहीत" असं लिहिण्याआधी निदान ३० ते ५० सें.मी. खोदून ताजा काळपट-राखाडी भाग घ्या. जिप्समचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली कवचाच्या तुकड्यांसारखे दिसतात, तेही ध्यानात ठेवा.

नमुना अर्धा किलो. ६० अंशांपेक्षा कमी तापमानात पूर्ण वाळवायचा, अगदी खडखडीत. मग केरोसीनमध्ये तासभर बुडवायचा, केरोसीन काढून घ्यायचं आणि लगेच गरम पाणी ओतायचं. वाळलेल्या मातीच्या रंध्रांत केरोसीन शिरलेलं असतं, पाणी त्याला बाहेर ढकलतं आणि शेल फुगून सुटते. ओलसर शेलला केरोसीन लावून काही होत नाही, आणि अपयशाची निम्मी कारणं इथेच असतात. ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचं, बोटाने चोळायचं नाही. दोन नमुन्यांमध्ये चाळणी मिथिलीन ब्ल्यूच्या पाण्यात बुडवा, आधीचे अडकलेले कण निळे होतात आणि पुढच्या नमुन्यात ते ओळखता येतात.

हायड्रोजन पेरॉक्साइडची घाई इथे नको. पायराइटबरोबर ते आम्ल तयार करतं आणि पातळ कवचं संपतात.

---

वालुकण

पायराइटचे अमोनाइट घरी काही वर्षांत पांढरट पूड होतात, हाच प्रकार असणार.

---

कोषकीटक

हो, तोच. खोलीतली आर्द्रता ५०% च्या वर जाऊ देऊ नका, सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवा, आणि पांढरी पूड दिसलेला नमुना बाकीच्यांपासून वेगळा करा. त्याचं लेबलही आम्ल खातं, म्हणून लेबलची नक्कल आधी.

---

गाळकाळ

परवानगीचा मुद्दा राहिला. कच्छ सीमेचा जिल्हा आहे. रणाच्या आणि सीमेच्या बाजूच्या भागांत परवाना लागतो, तो स्थानिक पोलिसांकडे आधी विचारून ठेवावा. छारी-ढंढ हे संरक्षण राखीव क्षेत्र, नारायण सरोवर अभयारण्य, कच्छ वाळवंट अभयारण्य, यांत खडक फोडायला वनखात्याची लेखी परवानगी हवीच. शेतजमीन असेल तर मालकाला विचारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कामाचा काळ. पावसानंतर लगेच शेलवर पाय रुततो आणि उन्हाळ्यात दगडाला हात लावता येत नाही.

जात नवी वाटली किंवा प्रसिद्ध करायची असेल तर नमुना नोंदणी क्रमांकासह संग्रहालयात हवा. वागेन यांच्या १८७३ नंतरच्या ग्रंथमालेतल्या अमोनाइटचे मूळ नमुने कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहेत. तुलना करायची तर चित्रावर न थांबता मूळ नमुना पाहावा. जुन्या लेबलांवर मात्र "कच्छ, धोसा ऊलाइट" एवढंच असायचं. त्या नमुन्यांना थराच्या कोणत्या भागात बसवायचं, ही सर्वांत अवघड गोष्ट. कप्प्यातला गाळ, चिकटलेले जीव आणि लेप यांवरून काही नमुने पिंडाश्मी थराच्या माथ्याकडे सरकवता येतात, उरलेले जिथे आहेत तिथेच ठेवावे.

---

बेलेम्नाइट१२

वरच्या थरांबद्दल एक पुरवणी. धोसाच्या वर कतरोलमध्ये, लोडाईजवळ, २०१७ मध्ये इक्थिओसॉर या माशासारख्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा प्रसिद्ध झाला: किमेरिजियन वय, जवळपास पूर्ण, लांबी पाच मीटरच्या आसपास, भारतातला पहिला जुरासिक इक्थिओसॉर. त्याच थरातल्या अमोनाइटवरून वय ठरलं. म्हणून हाड सापडलं की भोवतालचे अमोनाइट आणि बेलेम्नाइट टाकून देऊ नयेत.

---

शंखिनी

नेमका हाच मुद्दा धोसालाही लागू. तिथे हाडाचा तुकडा मिळाला तर तो कडक थराच्या कोणत्या भागातून, झिजलेला की नाही, आणि त्याच्या पोकळीत कोणता गाळ, हे आधी पाहा. सच्छिद्र हाड पाण्यात भिजवू नका. पॅरालॉइड ३ ते ५% ब्रशने थेंबथेंब मुरवा, एका दिवसात एकच थर, नाहीतर वरचा पापुद्रा कडक होतो आणि आतलं हाड मऊच राहतं. पुढच्या वेळी धक्का लागला की पापुद्रा सोलून निघतो.

---

वालुकण

जुमारा-लेर तुलनेचा तक्ता करायचा झाला तर रकाने कोणते ठेवू?

---

ताशीव

स्थळ, थर क्रमांक, संदर्भतळापासून उंची (सें.मी.), नमुन्याची दिशा (वरची बाजू ज्ञात/अज्ञात), जागेवर की सुटा, भरणा, बाहेरचा खडक, कापलेपणा, चिकटलेले जीव (एक बाजू/दोन्ही/कवचावर/साच्यावर), भोकं, लोहलेप, चार मापं, ओळख, ओळखीची खात्री. उंची एकाच संदर्भतळापासून मोजा. धोसाचा तळ जागोजाग बदलतो, त्यामुळे माथ्यावरचा पापुद्रा शून्य धरून खाली उणे आकडे घातले की दोन्ही स्थळं एका रेषेत येतात. माथा मात्र दोन्हीकडे एकाच काळी बंद झाला असं गृहीत धरू नका. ते अमोनाइटनेच ठरवावं लागेल, आणि तिथे फक्त कवचावर जीव चिकटलेले, न झिजलेले नमुने मोजायचे.